खाली मोशी होती

खिडकीजवळची जागा खरं तर वजीरभाईंची होती. त्यांनी ती मला दिली.

"मला खिडकीचा काय उपयोग, पोरी? तू बस तिकडं. काय दिसंल ते मला सांगत ऱ्हा."

वजीरभाई चाकणचे मिरचीचे व्यापारी. साठी उलटलेली, दोन्ही डोळ्यांवर दुधावर धरते तशी साय. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून ते जिनिव्हाला शस्त्रक्रिया करून घ्यायला निघाले होते. तिथं त्यांचा पुतण्या घ्यायला येणार होता. सांताक्रूझच्या विमानतळावर मी माझ्या भावाचा, बिरूचा निरोप घेत होते. ते बोलणं ऐकून त्यांनी काठी टेकत विचारलं, "इंद्रायणीकाठच्या का तुमी?" मी म्हटलं, मोशीची. तेव्हापासून ते मला सोडायला तयार नव्हते आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना. मी विमानात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते.

ही १९५५ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी पिंपरीला, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीतल्या दवाखान्यात नर्स होते. माझे यजमान बाळाजी क्षयानं गेले, तेव्हा आमची मुलगी पाळण्यात होती. त्याच रोगाच्या शुश्रूषेचं शिक्षण घ्यायला मला लंडनची शिष्यवृत्ती मिळाली होती. तीन वर्षांची. मी नाही म्हणणार होते. पण आई म्हणाली, "दुर्गे, बाळाजी गेला तवा आपल्याला कायबी कळत न्हवतं. निस्तं बगत बसलो. आता तू शिकून ये. पोरीला मी हाय की."

पोरीचं नाव हौसा. चार वर्षांची. मी आठवडाभर पिंपरीला राहायची आणि रविवारी मोशीला माहेरी यायची, त्यामुळं तिला आई म्हणजे रविवार एवढंच ठाऊक होतं. मी निघाले तेव्हा ती अंगणात उभी होती. एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून उभं राहायची तिची सवय होती, तशीच.

"रविवारी येशील ना?" तिनं विचारलं.

आईच म्हणाली, "आगं, येती की. जाऊ दे तिला."

विमान सकाळी सुटलं. मुंबईची कौलं, ताडाची झाडं मागं पडली आणि मग नुसता समुद्र. चार पंख्यांची घरघर अंगात भिनत होती. हवाईसुंदरीनं कानात घालायला कापूस दिला, चहा दिला. आपण सूर्याच्या मागोमाग चाललोय, तेव्हा आजचा दिवस फार लांबणार, असंही तिनं हसून सांगितलं.

"काय दिसतंय?" वजीरभाई मधूनमधून विचारत.

"पाणी."

"आता?"

"पाणीच."

जेवणाची ताटं, माझं न शिवलेलंही, उचलून नेल्यावर मी पुन्हा बाहेर पाहिलं. खाली जमीन दिसत होती. कुठला तरी किनारा आला असेल असं मला वाटलं. उन्हानं करपलेली, नांगरून टाकलेली रानं होती. त्यांतून एक बारीक नदी वळसा घालून गेली होती. वळणावर दगडी घाट होता. घाटापलीकडं चिंचेची तीन झाडं आणि त्यांच्या आडोशाला आमचं घर.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

इतक्या उंचीवरून माणूस मुंगीएवढंसुद्धा दिसत नाही, हे मला कळत होतं. तरी मला अंगण दिसत होतं. दोरीवर आईचं हिरवं लुगडं वाळत होतं. अंगणाच्या मधोमध हौसा एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून उभी होती आणि मान वर करून बघत होती.

"पोरी," वजीरभाईंनी माझा हात चाचपला. "गप का झालीस? काय दिसतंय?"

"पाणी," मी म्हणाले.

नाक वर करून त्यांनी हळूच श्वास घेतला. "मग गवऱ्यांचा धूर कुठनं येतोय?"

मी खिडकीचा पडदा ओढला.

पुढं कैरो येईपर्यंत मी तो उघडला नाही. मी नर्स होते. चार रात्री धड झोप नाही, पोटात अन्न नाही, उंचावरची विरळ हवा आणि लेकराची ताटातूट. अशा माणसाला काय काय दिसतं ते मी वॉर्डात पाहिलं होतं. कैरोला खाली उतरलो. रखरखीत ऊन होतं. मी डोक्यावर पाणी मारलं, लिंबाचं सरबत प्याले, वजीरभाईंना हात धरून फिरवून आणलं. आम्ही दोघंही त्या धुराबद्दल बोललो नाही. ते मला चाकणच्या बाजाराबद्दल, मिरचीनं होणाऱ्या खोकल्याबद्दल सांगत राहिले आणि मी हसत राहिले.

विमान पुन्हा उडालं. सूर्य होता तिथंच होता. खाली भूमध्य समुद्र आहे, असं पलीकडच्या रांगेतले एक गृहस्थ आपल्या बायकोला बोट दाखवून सांगत होते. मी पडदा बाजूला केला.

खाली मोशी होती.

या खेपेला रानं हिरवीगार होती. कमरेएवढी बाजरी वाऱ्यानं हलत होती आणि नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. मे महिन्यात! दोरीवर लुगडं नव्हतं. आईची बाज ओट्यावर असायची, ती भिंतीला उभी करून ठेवली होती. अंगणात एक मुलगी होती. निळं परकर-पोलकं, तांबड्या रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. सहा-सात वर्षांची असेल. कुणाची मुलगी, असा प्रश्न मला क्षणभर पडला. मग तिनं एका पावलावर दुसरं पाऊल ठेवलं.

ती वर बघत होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मला काही ऐकू येत नव्हतं, नुसती पंख्यांची घरघर.

वजीरभाई जागेवर ताठ बसले होते. त्यांनी कानातला कापूस काढून मुठीत धरला होता.

"एक लेकरू हाका मारतंय," ते म्हणाले. "आई म्हणून. लई येळ झाला मारतंय."

मी त्यांना सगळं सांगितलं. हौसाचं, अंगणाचं, बाजेचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ते समजूत घालतील, अल्लाचं नाव घेतील. ते एवढंच म्हणाले, "पोरी, मला दिसत न्हाई तेच बरं हाय."

मी पलीकडच्या गृहस्थांना विचारलं, खाली काय आहे? त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "समुद्र. किती निळा आहे, नाही?"

पुढचे दोन तास मी मांडीवर हात धरून बसले. बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण आपलं लेकरू खाली उभं आहे हे माहीत असताना कोणती आई दुसरीकडे बघेल? बर्फाचे डोंगर आले, असं म्हणत सगळे प्रवासी खिडक्यांशी गोळा झाले, तेव्हा मीही पाहिलं.

डोंगर नव्हते. बर्फ नव्हतं.

रानंही नव्हती. घाट होता, पण चिंचा तोडलेल्या. जिकडं बघावं तिकडं पत्र्याची लांबलचक छपरं, धुराडी आणि काळा डांबरी रस्ता. त्यावर मुंग्यांसारख्या मोटारी. या सगळ्यात आमचं घर केवढंसं दिसत होतं.

अंगणात एक बाई धान्य पाखडत बसली होती. केस पिकायला लागलेले. माझ्याहून मोठी.

ती उठली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एका पावलावर दुसरं पाऊल.

मी काचेवर हात आपटला. "हौसा!" मी ओरडले. "हौसे, वर बघ!"

तिनं वर पाहिलं नाही.

सूप उचललं आणि ती घरात गेली.

हवाईसुंदरी धावत आली. लोक माझ्याकडं बघत होते. वजीरभाईंच्या पांढऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आता कुणी हाक मारत न्हाई," ते म्हणाले.

जिनिव्हाला विमान टेकलं तेव्हा अजून उजेड होता. वजीरभाईंचा पुतण्या आला होता, तरी ते हलेनात. विमानतळावरच्या बाकावर मला शेजारी बसवून घेतलं. मी म्हटलं, मला परत जायचंय, पुढं जायचं नाही. तिथल्या अधिकाऱ्यानं सांगितलं की मुंबईचं विमान तीन दिवसांनी आहे आणि शिष्यवृत्ती सोडायची तर आधी लंडनला विचारावं लागेल.

"तुजं मन काय म्हणतंय?" वजीरभाईंनी विचारलं. "फिरायचं आसंल तर बोल. माजा पुतण्या सगळी सोय करील. तिकिटाची काळजी करू नगं."

मला बाळाजीचे शेवटचे दिवस आठवले. खोकल्याची उबळ आली की ते माझ्याकडं बघत आणि मी फक्त पाठ चोळत असे. आईचा शब्द आठवला. शेवटी मी स्वतःला सांगितलं की हा थकवा आहे. थकव्यापायी तीन वर्षांवर पाणी सोडणारी नर्स रोग्यांच्या काय कामाची?

"जाते पुढं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही.

जिनिव्हा ते लंडन मी खिडकी सोडून वजीरभाईंची मोकळी झालेली जागा घेतली आणि डोळे मिटून बसले.

तीन वर्षं मी जीव ओतून शिकले. बिरूकडून पत्रं यायची. सगळं ठीक आहे, हौसा शाळेत जाते, आई आशीर्वाद सांगते. परत येताना मी विमान नको म्हटलं. बोटीनं आले.

बिरू चिंचवड स्टेशनवर बैलगाडी घेऊन आला होता. गाव मागं पडल्यावर, बैलांकडं बघत तो म्हणाला, "आक्का, आई ऱ्हायली न्हाई. गेल्या साली गेली. तुजं शिक्षण मोडू नगं म्हनून तिनंच आण घातली हुती, कळवू नगा म्हनून."

मी रडले नाही. भिंतीला उभी केलेली बाज वरून पाहिली, तेव्हापासून मला ते ठाऊक होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमरेएवढी बाजरी होती. नदी भरून वाहत होती.

दुपार होती. ओट्यावर आईची बाज भिंतीला उभी होती. अंगणात निळं परकर-पोलकं घातलेली मुलगी बसली होती. तांबड्या रिबिनी. तिनं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा तिचा पडलेला दात दिसला.

"हौसा," मी हात पुढं केले.

ती उठून माझ्या भावजयीच्या, तानाबाईच्या मागं गेली.

"आगं, आशी काय करतीस?" तानाबाई म्हणाली. "आई हाय ती तुजी. बोटीवरनं आली. जा, पाया पड."

हौसानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिला भीती वाटत नव्हती. उलट माझी कीव आल्यासारखं तिनं मान हलवली.

"न्हाई. ही न्हाई," ती म्हणाली. "माजी आई इमानात हाय."

"आगं, त्यातनंच तर गेली हुती ती."

"गेली न्हाई. हितंच हाय." हौसानं आभाळाकडं बोट केलं. "खिडकीतनं बगती. म्या हाका मारल्या तरी उतरत न्हाई."

तानाबाईनं पदर तोंडाला लावला. "आक्का, मनाला लावून घिऊ नगा. पोर लई दिस आसंच बोलती. येईल हळूहळू."

मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. ढग नाही, घार नाही, कसलाही आवाज नाही. मी बराच वेळ बघत राहिले आणि मान दुखायला लागल्यावर खाली पाहिलं.

सारवलेल्या अंगणात, या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन लांब पंखांची सावली पडली होती. ती हलत नव्हती. तानाबाईच्या कोंबड्या दाणे टिपत आल्या, सावलीच्या कडेशी थबकल्या आणि वळसा घालून पलीकडं गेल्या.

हौसा त्या सावलीत जाऊन मांडी घालून बसली. तिथली जमीन बसून बसून गुळगुळीत झाली होती.