अर्ध्या पानावरची सही

बेर्गनच्या बंदराजवळच्या बेकरीत सुन्निवा सकाळपासून एकाच कागदाशी झोंबत बसली होती. बाहेर पाऊस होता. पण तिथे पावसाकडे मान वर करून बघतो कोण? काचांवर वाफ धरलेली, दालचिनीच्या पावांचा ऊन ऊन वास सुटलेला, आणि पोरीच्या कागदावर उतरल्या होत्या फक्त दोन ओळी.

‘सुन्निवा बऱ्यापैकी नियमित येते. प्रयोगशाळेत तिने आजवर फारसं काही फोडलेलं नाही.’

“हे कौतुक आहे की तक्रार?”

तिने दचकून वर पाहिलं. भिजक्या स्वेटरातला एक तरुण कॉफीचा कप सांभाळत समोर उभा होता. बाकीची टेबलं भरलेली.

“दुसऱ्यांचे कागद वाचतोस?”

“उलटं वाचलं. सुलटं वाचायला तुझ्या शेजारी बसावं लागलं असतं.”

ती हसली... आणि आपण हसलो म्हणून स्वतःवरच चिडली. “आमच्या प्राध्यापिका गुद्रूनबाईंचं शिफारसपत्र आहे. म्हणजे माझंच. त्या म्हणाल्या, कच्चं तूच लिहून आण, मी टाइप करून सही ठोकते.”

बाईंचं काय जातं सांगायला! त्या मुलखात आपल्याच तोंडाने आपल्याला चांगलं म्हणणं म्हणजे चारचौघांत उघडं फिरणं. सुन्निवा मेली असती, पण ‘मी हुशार आहे’ असं लिहिती ना. एवढी शिकलेली पोर, पण स्वतःची गोष्ट आली की मुकी! आणि तिकडे स्कॉटलंडच्या बेटावर समुद्री शेवाळाच्या अभ्यासाची एकच जागा होती. संध्याकाळच्या टपालाने पत्र निघालं नाही, तर ती जागा गेलीच म्हणायची.

“आण इकडे,” तो समोर बसत म्हणाला. “मी लिहितो.”

“तू कोण लिहिणार? मला ओळखतोस तरी?”

“मी आइविंड. तुमच्या खात्याची बोट मीच चालवतो. दोन हिवाळे तुला खडकांपाशी नेऊन आणतोय. तुझी नजर पाण्यात, तुला कुठली ओळख असायला!”

सुन्निवाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बोट चालवणारं कुणीतरी असतं हे तिला ठाऊक होतं... पण त्याला असे करडे डोळे असतात, हे नव्हतं.

तो लिहू लागला. चार शब्द लिहायचा, तिच्याकडे बघायचा, पुन्हा चार शब्द.

“शिफारस लिहितोयस की चित्र काढतोयस?”

“दोन्हीला बघावंच लागतं. हलू नकोस.”

कॉफी निवून गेली. त्याने कागद पुढे केला. तिने तो न वाचताच घडी करून खिशात घातला.

“वाच तरी!”

“तुझ्यासमोर माझं कौतुक वाचू? त्यापेक्षा समुद्रात उडी मारते.”

“थांब... शेवटचं जरा खोडायचं राहिलंय—”

पण ती केव्हाच दाराबाहेर पळाली होती.

प्रयोगशाळेत गुद्रूनबाईंनी चष्मा चढवून तो कागद मोठ्याने वाचायला घेतला. “‘बोटं निळी पडतात, पण ती शेवाळ पाण्याबाहेर क्षणभरही जास्त ठेवत नाही. चुकलं तर लपवत नाही. पुन्हा पाण्यात उतरते.’ खरं आहे. हे मी पाहिलंय.” मग त्यांची भुवई वर गेली. “‘काम मनासारखं झालं की ती स्वतःशीच गुणगुणते, आणि त्या दिवशी परतताना बोट मुद्दाम हळू चालवावीशी वाटते...’ काय गं, मी कधी बोट चालवली?”

सुन्निवाला वाटलं, धरणी फाटून पोटात घेईल तर बरं.

बाईंनी मात्र पट्टी लावून कागद मधोमध फाडला. “वरचं टाइप करते, सही करते, आजच धाडते. खालचं मी पाहिलेलं नाही. ज्याने पाहिलंय, त्याची सही घे.”

आइविंड बोटीच्या केबिनमध्ये दोर गुंडाळत होता. सुन्निवाच्या हातातला अर्धा कागद बघून त्याचा चेहरा पडला.

“बाईंनी फाडलं?”

“वरच्यावर सही झाली. या खालच्यावर... तुझी हवी म्हणतात.”

छपरावर पाऊस वाजत होता. बोट हलके हलके डुलत होती.

“मी जाणार आहे, आइविंड,” ती म्हणाली. “ती जागा मला हवी आहे. मी त्या लायकीची आहे.” बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं.

“ठाऊक आहे. म्हणून तर वरचं अर्धं पान इतकं जीव ओतून लिहिलं,” तो म्हणाला. “खालचं... आपोआप आलं.”

तिने पेन त्याच्या हातात दिलं. कागद ठेवायला कोरडी जागा दिसेना, तेव्हा तिने रेनकोट काढला आणि पाठ त्याच्याकडे केली. त्याने कागद तिच्या लोकरी स्वेटरवर टेकवला. पेन हळूहळू सरकू लागलं... थांबलं... पुन्हा सरकलं.

“एवढं लांब नाव आहे तुझं?”

“नाव केव्हाच झालं. एक ओळ वाढवली. ‘दर सुट्टीला मी बेटावर येईन, तिने हाकललं तरच परत फिरेन.’”

सुन्निवा वळली नाही. डोळे मिटूनच म्हणाली, “आता वरपासून वाच. सगळं. आणि... सावकाश वाच.”