न गाभडणारा कळप

म्हसवडच्या माळावरच्या शाळेत ‘गाभडणं’ हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागे. दिवस भरण्याआधीच मेंढी पोटातलं पिल्लू टाकते, त्याला गाभडणं म्हणतात, असं मास्तर सांगत आणि मुलांना ती थाप वाटे. त्यात त्यांची काही चूक नव्हती. गेल्या अकरा वर्षांत तिथे एकही मेंढी गाभडली नव्हती.

ही करामत डॉ. रेवती घाटे यांच्या धारिकेची. धारिका म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कुपी, मेंढीच्या कानामागे कातडीखाली बसवलेली. गर्भ धरून ठेवणारं एक संप्रेरक आईच्या रक्तात असतं. आजार, धास्ती, उपासमार यांनी त्याची पातळी घसरली, की शरीर गर्भ सोडून देतं. धारिका तासातासाला रक्त तपासून ती घट भरून काढी. शरीराला सोडायचं असलं तरी सोडता येत नसे. कुणी परक्याने छेडछाड करू नये म्हणून ती फक्त मालकाच्या अंगठ्याने बंद होई. मेंढपाळांनी रेवतीबाईंना डोक्यावर घेतलं, आणि का घेऊ नये?

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झालाच नाही. माळावर गवताची काडी उरली नाही, आणि चाऱ्यासाठी कळप नेतात त्या वाटेतली गावंही तशीच कोरडी होती. ठकूबाई पिसे नवऱ्यामागे एकटीने कळप राखत होती. तिच्या एकेचाळीस मेंढ्या चार महिन्यांच्या गाभण होत्या. त्यांतली चंद्री, जिला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं, एका सकाळी उठलीच नाही. डोळे उघडे होते, पण दिसत काही नव्हतं. ठकूबाईने रेवतीबाईंना बोलावून घेतलं.

रेवतीबाईंनी चंद्रीचं रक्त तपासलं आणि त्या तिथेच मातीत बसल्या.

“मावशी, पोटात जुळं आहे. बाहेरून खायला मिळत नाही, म्हणून पिल्लं आईच्या चरबीवर, हाडांवर वाढताहेत. चंद्री फार तर तीन दिवस काढेल.”

“आन् पिल्लं?”

“त्यांना अजून महिना हवा. आई गेली की तीही जातील. मागोमाग बाकीच्या मेंढ्याही अशाच बसतील.”

ठकूबाई चंद्रीच्या मानेवरून हात फिरवत राहिली. “आमच्या सासूच्या वक्ताला अशा सालात निम्मा कळप गाभडायचा. पर मेंढ्या जगायच्या. पाऊस पडला की फिरून गाभण ऱ्हायच्या.”

रेवतीबाईंनी सगळे प्रयोग गव्हाणीत चारा भरलेल्या गोठ्यात केले होते. ज्याला त्या नुकसान म्हणत आल्या, तो कितीदा तरी आईचा जीव वाचवायचा शेवटचा उपाय होता. चांगली शिकलेली बाई, पण उपाशी चालणारी मेंढी काही तिच्या डोक्यात आली नव्हती.

“ही कुपी बंद केली तर?”

“दोन दिवसांत पिल्लू पडेल. मेंढी वाचेल.”

“मंग करा बंद.”

“मला येत नाही, मावशी. अंगठा तुमचाच लागतो.”

ठकूबाईने आधी चंद्रीच्या कानामागे अंगठा दाबला. बारीकसा आवाज झाला. मग ती दुसऱ्या मेंढीकडे गेली. मेंढी हाती धरली की आधी पोटाखाली हात घालून पिल्लू चाचपायचं, ही तिची जन्माची रीत. तिने तेच केलं.

“नका चाचपू, मावशी,” रेवतीबाई कळवळून म्हणाल्या. “नुसता अंगठा दाबा.”

“हात आपसूक जातो, बाई.” ती क्षणभर थांबली. “हलतंय.”

आणि तिने अंगठा दाबला. चंद्री धरून एकेचाळीस वेळा. प्रत्येक पोटात काही ना काही हलत होतं आणि प्रत्येक वेळी ती ते तोंडाने सांगत होती. रेवतीबाईंना पळून जावंसं वाटलं, पण त्या गेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवसापर्यंत सगळी पिल्लं पडली. अंगावर धड लोकरही न आलेली. मेंढ्या त्यांना चाटत उभ्या होत्या. एकही मेंढी मेली नाही. चंद्रीसुद्धा धडपडत उठली, पाणी प्यायली. ठकूबाई खड्डा खणत होती आणि तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

“रडा हो, मावशी,” रेवतीबाई म्हणाल्या.

“माझंबी एक गेलं हुतं. पाचव्या म्हैन्यात, घाट चढताना,” ठकूबाई म्हणाली. “तवा बिरोबाम्होरं हुबी ऱ्हाऊन त्येला पोटभर शिव्या घातल्या. आमच्या घरात अशीच रीत हाय. पोर जाऊ दे, न्हाईतर कोकरू. देव मुकाट ऐकून घेतो. शिव्या दिऊन झाल्या की मंगच रडू येतं.”

“मग आताही द्या ना.”

“त्येला कशापायी? त्येनं कुठं नेलीत?”

रेवतीबाईंचा बांध फुटला. “मग मला द्या, मावशी. सगळं माझ्यामुळे झालं. मला द्या शिव्या.”

ठकूबाईने खणणं थांबवलं. मग मातीने भरलेला हात लुगड्याला पुसून तिने त्यांचे डोळे पुसले.

“तुला कशा दिऊ, लेकी? अंगठा माझा हुता.”