बंद दाराला दिलेलं आवतण

कारखान्याच्या क्वार्टरसमोर टेम्पो उभा राहिला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि सत्यशीलाच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ताम्हण कुठल्या बोचक्यात बांधलंय?

आता तुम्ही म्हणाल, नव्या घरात पाऊल टाकायच्या आधी बाईला ताम्हण कशाला आठवावं? तर त्या दिवशी तिच्या ज्ञानूचा पाचवा वाढदिवस होता. ज्ञानेश्वरी हे कागदावरचं नाव, बाकी समद्यांची ज्ञानू. पोर जन्मली ऐन मार्गशीर्षात, म्हणजे ऊसतोडीच्या भर हंगामात. मायबाप पाथर्डीकडचे, दसरा झाला की कोयते घेऊन निघणारे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! पोरीचे चारही वाढदिवस उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत गेले. केक राहू द्या बाजूला, साधी निरांजन ओवाळायची म्हटली तरी वारा फू करून मोकळा व्हायचा.

यंदा मात्र नशीब पालटलं. नवरा अजिनाथ कोपरगावच्या बाजूला एका कारखान्यात लागला. उसाच्या गाड्या जिथं रिकाम्या होतात त्या गव्हाणीवर क्रेन चालवायची, पगार महिन्याच्या महिन्याला, वर राहायला दोन खोल्या. सत्यशीलानं मनाशी पक्कं केलं होतं, लेकीला ह्या वर्षी चार भिंतींच्या आत ओवाळायचं. मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर.

आभाळ नाही कोसळलं. पण सासू टेम्पोतून खाली उतरेना.

झुंबरबाई तिथंच बसून हवा हुंगत होती. मळीचा आंबूस वास सगळीकडे दाटला होता. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसायचं अंधूक, पण नाक कसं, एकदम तल्लख.

"अजिनाथ, ह्योच कारखाना का रं त्यो?"

"व्हय आई," अजिनाथ खाली मान घालून म्हणाला. "पर आता लई बदललंय समदं. उतर की."

सत्यशीलाला लग्नानंतर कधीतरी अर्धंमुर्धं कळलं होतं, ते असं. चाळीसेक वर्षांमागं झुंबरबाई ह्याच कारखान्याच्या तोडीला आली होती. अजिनाथच्या आधीची तिची लेक, बनू, इथंच तापानं फणफणली. दोन दिवसांत खेळ आटोपला. बनूला पाच वर्षं पुरी व्हायला एक दिवस कमी होता. लेकराला फडाच्या बांधाला पुरलं आणि टोळी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेली. हंगाम काय कुणासाठी थांबतो? त्यानंतर झुंबरबाईनं ह्या कारखान्याचं तोंड पाहिलं नाही, आणि घरात कुणाचा वाढदिवस होऊ दिला नाही.

"पाच सरलं की पोर आपलं," ती सुनेला म्हणाली. "आजचा दिस मुकाट्यानं जाऊ दे. दिवा न्हाई, गोड न्हाई. उगं कुनाला दावत बसू नगंस पोर."

"आई, असं भिऊन कुठवर ऱ्हायाचं?" सत्यशीलाचा आवाज चढला. "माझ्या लेकीनं काय घोडं मारलंय? मी ओवाळनार."

दोघी एकमेकींकडे पाठ फिरवून बसल्या. ज्ञानूनं तोडगा काढला. आजीच्या मांडीवर चढून तिनं सांगून टाकलं, "आजे, पप्पा ट्रॅक्टरचा केक आननार हायेत. चाकं काळी चाकलेटची." फडात वाढलेली पोरगी, तिला परी-बिरी नको होती. म्हातारीला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले.

"बरं. कर. पर करायचं तर रीतीनं कर. पाच वर्साला पाच सवाष्णी. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. आन आईनं सोताला त्यात धरायचं न्हाई. पाच झाल्या तर दिवा लाव, न्हाई तर ऱ्हाऊ दे."

सत्यशीलानं हे कबूल केलं. ओळखीचं कुत्रं नाही त्या गावात पाच सवाष्णी गोळा करायच्या! पण हटेल तर ती सत्यशीला कसली. सासूला खाली उतरवून, सामान टेम्पोतच ठेवून तिनं वाटीत अक्षदा कालवल्या, कुंकवाचा करंडा घेतला, ज्ञानूचं बोट धरलं आणि निघाली दारोदार.

आठ क्वार्टरांची ओळ होती. पहिल्याच दारात राहीबाई भेटली, अंगानं आडवी आणि तोंडानं गोड. "या बया, पाचवा का? येते की! आन भांडी लावाया मानूस लागलं तर हाक मार," म्हणाली. आणखी तिघींनी हो म्हटलं. दोन क्वार्टरांत नुसते बाप्येच राहत होते. झाल्या चार.

राहिलं शेवटचं दार. त्याच्यापलीकडे ऊस लागत होता, डोक्याच्या वर गेलेला. दाराला कुलूप होतं, पण ओट्यावर नुकताच सडा टाकल्यासारखी ओल होती. बाजाराला गेली असतील माणसं, सत्यशीलाला वाटलं. तिच्या गावाकडची रीत अशी की आवतणाला निघालं तर बंद दारसुद्धा सोडायचं नाही. कडीत अक्षदा ठेवायच्या आणि तोंडानं सांगायचं. घरातल्यांना ते पोचतं. तिनं चार दाणे कडीत खोचले, चौकटीला कुंकवाचं बोट लावलं.

"आज दिवेलागनीला आमच्या ज्ञानूला ओवाळायचंय बरं का. घरात जे कोनी लहानथोर असंल त्येनी समद्यांनी या."

उसाची पानं सळसळली. ज्ञानूनं त्या दिशेला हात हलवला. कुणाला, ते सत्यशीलानं विचारलं नाही. तिला घाई होती.

उरलेला दिवस कसा गेला म्हणता! बोचकं सोडावं तर ताम्हणाऐवजी कोयता निघे. पत्र्याच्या ट्रंकेत चपला आणि चपलांच्या पिशवीत देव. ज्ञानू रिकाम्या पिंपात शिरून "भ्वॉक" करत होती. अजिनाथ बल्ब लावायला स्टुलावर चढला तर स्टुलाचा एक पाय गावीच राहिलेला. तो पडला, ज्ञानू खदखदून हसली, मग झुंबरबाई हसली, आणि शेवटी कंबर चोळत तोही हसला. इतकं हसू त्या माणसांच्या वाट्याला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. दुपारी पुरण शिजलं, केक आला, केकवर हिरवा ट्रॅक्टर आला. ताम्हण तेवढं सापडेना.

दिवेलागण झाली. राहीबाई आली, तिच्या मागोमाग तिघी आल्या. ज्ञानू नव्या फ्रॉकात पाटावर बसली. आतल्या खोलीतून झुंबरबाईनं विचारलं,

"किती जनी?"

"चार. यील आता पाचवी."

"न्हाई आली तर ऱ्हाऊ द्या…"

सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दिवसभर राबली होती बिचारी, आणि एका बाईपायी सगळं फिसकटायला आलं होतं. तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. लांबलचक, कानठळ्या बसवणारा. त्याच्या आवाजात दिवे एकदम मंद झाले, पिवळे पडले, आणि पुन्हा उजळले. भोंगा थांबला तसं सगळं कसं गप्प झालं. नुसता पंखा कुरकुरत होता.

दारात एक बाई उभी होती.

चाळिशी ओलांडलेली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पाय घोट्यापर्यंत ओले. तिच्याबरोबर घरात वास आला. मळीचा नाही. उसाची कोवळी हिरवी पानं कापल्यावर येतो ना, तो.

"आवतन पोचलं," ती हळू म्हणाली. "लांबून आले… उशीर झाला."

"या, या! तुमचीच वाट बघत हुते," सत्यशीलानं सुटकेचा श्वास सोडला. "बसा. मेलं ताम्हन तेवढं…"

बाई बसली नाही. भिंतीशी रचलेल्या बोचक्यांकडे सरळ गेली, खालून तिसरं ओढलं, एका हिसक्यात गाठ सोडली. गोधडीच्या घडीत हात घातला आणि ताम्हण बाहेर काढलं. त्यात निरांजनसुद्धा होती.

"अगं बाई! ह्यांला कसं ठाव?" राहीबाई म्हणाली आणि साऱ्याजणी हसल्या. सत्यशीलाही हसली. हसता हसता तिच्या पाठीवर एक बारीकसा काटा आला. पण दिवा लावायचा होता, ती विसरली.

एकेकीनं ओवाळलं. दार सताड उघडं, वर पंखा, ज्योत नुसती फडफडत होती. हिरव्या लुगड्याची बाई पाचवी. तिनं ताम्हण हातात घेतलं आणि ज्योत उभी राहिली. सरळ. हलेना की डुलेना. तिनं ओवाळलं, साखर भरवली, पोरीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग वाकून कानात काहीतरी सांगितलं. ज्ञानू गुदगुल्या झाल्यासारखी हसली.

बोटं मोडल्याचा आवाज ऐकून झुंबरबाई भिंत धरत बाहेर आली होती.

"कोन गं ती…?"

बाईनं पुढं होऊन म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. झुंबरबाईचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. किती वेळ, कुणास ठाऊक. मग ती तिचे हात चाचपायला लागली, बोट अन् बोट.

"हात लई गार हायेत गं तुजं…"

"उसात पानापानावर दहिवर असतंय…"

म्हातारीनं ते हात आपल्या पदरात गुंडाळून धरले.

मग केक कापला, पुरणपोळ्या वाढल्या, ज्ञानूनं ट्रॅक्टरची दोन्ही चाकं एकटीनं फस्त केली. त्या गडबडीत पाचवी कधी उठून गेली ते कुणी पाहिलं नाही. राहीबाई चप्पल घालता घालता म्हणाली,

"तुझी नणंद लई गुनाची बरं का."

"नणंद?" सत्यशीला हसली. "मला कुठली नणंद? शेवटच्या क्वार्टरातल्या ना त्या?"

"शेवटच्या?" राहीबाई थांबली. "तिथं कारखान्याचं भंगार असतंय गं. बांधल्यापासून त्यात कोनी राह्यलं न्हाई. पाया खोदताना म्हनं काय तरी निघालं हुतं… कारखानावाल्यांनी तसंच बुजवलं." तिनं आवाज उतरवला. "आन मी इचारलं तिला, कोन गं तुमी? तर म्हनली, पोरीची आत्या."

सत्यशीला धावत आत गेली. ज्ञानू अंथरुणावर लोळत होती. आईनं तिच्या कपाळाला हात लावला, मानेला लावला, पोटाला लावला. ताप नव्हता. पोर ठणठणीत होती, तोंडाला चॉकलेट फासलेलं होतं.

"ज्ञानू, त्या आत्यानं… कानात काय सांगितलं गं?"

"कुर्र केलं." ज्ञानू पुन्हा हसली. "म्हनली, भिऊ नगं. तू लई मोठ्ठी हुनार हायस. मी तुला न्याया न्हाई आले."

सत्यशीलानं पोरीला छातीशी इतकं आवळलं की ज्ञानू कुरकुरली. न्यायला नाही आली. देवा, न्यायला नाही आली! दारात उभा राहून अजिनाथ ऐकत होता. त्याच्याही डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. त्यानं आपल्या बहिणीला कधी पाहिलं नव्हतं, आणि आज ती त्याच्या ताटात पोळी वाढून गेली होती.

"आनि म्हनली," ज्ञानू जांभई देत बोलली, "उद्या माजा हाय."

"काय उद्या?"

"वाढदिवस."

त्यानंतर दोघं नवराबायको पोरीला मधे घेऊन बसून राहिली. पलीकडे झुंबरबाई मात्र गाढ झोपली होती, बारीक घोरत. किती वर्षांनी ती अशी झोपत होती ते अजिनाथलाच माहीत.

पहाटे कधीतरी सत्यशीलाचा डोळा लागला. जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. अंगणातून गुणगुणण्याचा आवाज येत होता. पाळण्यातल्या लेकराला म्हणतात तसं काहीतरी. ज्ञानू शेजारीच होती, पाय पसरून, घामेजलेली, जिवंत. सत्यशीलानं तिच्यावर पांघरूण घातलं आणि ती बाहेर आली.

झुंबरबाई ओट्यावर बसली होती. ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलेली, पायांत चपला. मांडीवर स्टीलचा डबा होता. झाकणातून पुरणाचा वास येत होता. म्हातारीचा चेहरा लग्नाला निघालेल्या पोरीसारखा फुलला होता.

"आई, कुठं निघालात एवढ्या सकाळच्या?"

"लेकीकडं," झुंबरबाई म्हणाली. "बलावलंय तिनं. न्हाई म्हनू का? पाच सरलं आज तिला… तू नगं येऊस गं. तुला पोर हाय."

सत्यशीला तिच्या शेजारी बसली. सासूच्या पदराचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं. लग्न झाल्यापासून ज्या बाईशी भांडली तिला अशी सोडणार नव्हती ती. नाहीच सोडणार. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला. उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या. सगळं रोजच्यासारखं होतं, आणि त्या धीरावर तिनं सासूकडे नीट पाहिलं.

संधिवातानं झुंबरबाईचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. गेली सहा वर्षं तिची वेणीफणी रोज सत्यशीलाच करायची. आज अंबाडा घातलेला होता. तेल लावून, चापूनचोपून, एक केस इकडचा तिकडे नाही.

तिनं हात लावून पाहिला. अंबाडा दहिवरानं ओला होता.