टकटकणाऱ्या पट्ट्या

"संध्याकाळी माझा भाऊ मला न्यायला येतोय," ती दारातूनच म्हणाली. "त्याआधी चोर सापडला नाही, तर जन्मभर मीच चोर."

हातात कपड्यांची बॅग, चेहरा घामाने डबडबलेला. वहिनींनी तिला खुर्ची दाखवली, पण ती बसेना. वहिनीही खोलीत फेऱ्या मारत होत्या. विमा कंपनीत असताना त्यांनी कितीतरी खोटे दावे अशा येरझारा घालत पकडले होते. आता तपासाचं स्वतःचं ऑफिस होतं, पण पायाला भिंगरी तीच. ऐसपैस बसले होते ते फक्त भावोजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींबरोबर सावलीसारखे असत, आणि त्यांचा उपयोगही सावलीइतकाच होई.

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

समुद्राकाठच्या एका घराची ती धाकटी सून. नवरा जहाजावर नोकरीला. घरात गुडघ्यांनी अधू झालेली सासू, मोठा दीर आणि कायमची माहेरी परत आलेली नणंद. सासूबाईंच्या खोलीत जायचं ते हॉलमधूनच, आणि खोलीच्या खिडकीला गज. परवा हॉलच्या जमिनीवर व्हिनाइलच्या पट्ट्या बसवल्या. कारागिराने हॉलभर ग्लू पसरला आणि तो सुकेपर्यंत जेवायला गेला. सासू-सून आत अडकल्या. तेवढ्या वेळात सुनेने सासूबाईंना खोलीतल्याच न्हाणीघरात न्हाऊ घातलं. संध्याकाळी सासूबाईंनी पेटी उघडली, तर सोन्याचा हार गायब.

"ग्लूवर एकही पाऊल उमटलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे बाहेरून कोणी आलं नाही. आत मी आणि आई. आई स्वतःचाच हार कशाला चोरतील? मोठ्या दिरांनी सांगितलं, माहेरी जा. आज ह्यांचा फोन येईल, तेव्हा त्यांनाही सांगणार आहेत." तिने बॅग खाली टेकवली. "हे तिकडे भर समुद्रात. सख्ख्या भावाने सांगितलं तर कोणाचं खरं मानतील?"

वहिनींच्या येरझारा थांबल्या. "चला, भावोजी."

"मलाही हॉलची फरशी बदलायचीच आहे," भावोजी चपला शोधत म्हणाले. "तेवढंच बघून होईल."

त्या घरात हवा अंगाला चिकटत होती. मोठा दीर उंचापुरा, डोक्याने चकचकीत टकला, हातात फोन घट्ट धरून बसलेला. तपासाचं ऐकताच त्याच्या कपाळाला आठी पडली.

"यात शोधायचं काय? मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहून कारागिराचीच वाट बघत होतो. ग्लू काय खोटं बोलतो?"

वहिनी हॉलभर फिरू लागल्या. टक्. दोन पावलं गप्प. पुन्हा टक्. काही पट्ट्या पायाखाली सुटून वाजत होत्या. दीर त्यांच्या पायांकडे वैतागून बघत राहिला.

"चिकटवायच्याच का घेतल्या?" भावोजींनी आपलं घोडं पुढे दामटलं.

"लाकडी जमीन होती, ती दमट हवेने फुगली. नंतर एकमेकींत अडकवायच्या पट्ट्या घातल्या, त्या उन्हाने मधेच उचलल्या. दुकानदार म्हणाला, पाण्याचं भय नसलेलं व्हिनाइल घ्या आणि ग्लूने पक्कं बसवा. आता याही वाजायला लागल्या. माझं नशीबच फुटकं!"

वहिनींनी कारागिराला बोलावून घेतलं. तो आला तोच मान खाली घालून.

"खालचा कोबा ओला होता?" वहिनींनी विचारलं.

"नाही बाई. रात्रभर वर प्लास्टिक चिकटवून बघितलं. खाली थेंबसुद्धा नव्हता."

"मग पट्ट्या का सुटल्या?"

"चूक माझी आहे. हा ग्लू ओला असतो तेव्हा पांढरा दिसतो. सुकला की काचेसारखा होतो, तेव्हाच पट्टी ठेवायची. जेवून आलो तेव्हा बाकी सगळा सुकला होता, पण मधे मधे पांढरे डाग होते. साहेब डोक्यावर उभे. म्हटलं, या हवेत मागेपुढे सुकायचंच, आणि बसवून टाकल्या."

"ग्लू पसरायची थापी कुठे ठेवली होतीस?"

"माझ्या स्कूटरच्या डिकीत. धुतली नाही तर ग्लू वाळून तिचे दाते बुजतात. ग्लूचा डबा मात्र इथेच, बाहेरच्या दाराशी होता."

आतल्या खोलीत सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. पांढरे केस पोरासारखे बारीक कापलेले. "तिनंच घेतला असं मी म्हटलं नाही," त्या पुटपुटल्या. "पण दुसरं घेणार तरी कोण? पेटीची किल्ली माझ्या गळ्यात असते. न्हाताना तेवढी उशीखाली ठेवते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. न्हाणीघराचं दार लोटलेलं, नळ धो धो सुरू. आम्हाला काय ऐकू येणार?"

नणंद स्वयंपाकघरात होती. मेंदीने तांबूस झालेले लांब केस पिंजारून कसेबसे बांधलेले, पायांत भावाच्या ढगळ सपाता.

"परवा दुपारी मी इथेच होते, हॉलकडचं दार लावून आणि परसाकडचं उघडून," ती म्हणाली. "ग्लूच्या वासाने डोकं उठलं होतं."

"तुमच्या चपला?"

"तुटल्या. आणि आता कंगवाही सापडत नाही. या घरात वस्तूंना पाय फुटतात हो!" तिने धाकटीकडे तिरका कटाक्ष टाकला.

वहिनी हॉलमध्ये परतल्या. पातळ सुरी घालून त्यांनी एक सैल पट्टी उचलली. शेजारची घट्ट पट्टी निघता निघता कारागिराचा घाम निघाला. घट्ट पट्टीखाली ग्लूच्या रुंद, ठसठशीत रेघा होत्या. सैल पट्टीखाली बारीक, दाट रेघा.

"ग्लू तो ग्लू," भावोजी म्हणाले.

"भावोजी, बाहेरच्या दारापासून आईंच्या खोलीपर्यंत चालून दाखवा. पाय सैल पट्टीवरच ठेवायचा."

भावोजी निघाले. टक्, टक्, टक्. एवढा धिप्पाड माणूस, पण त्याला तुरुतुरु चालावं लागत होतं. त्या चालीला धाकटीलाही हसू आलं, आणि लगेच मावळलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला होता. तिचा भाऊ आला होता.

"पाच मिनिटं थांबायला सांगा त्यांना," वहिनी म्हणाल्या. सासूबाईंची खुर्ची त्यांनी हॉलच्या उंबऱ्याशी आणवली. नणंद स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली.

"ग्लू खोटं बोलत नाही, हे साहेबांचं म्हणणं खरंच आहे," वहिनींनी सुरुवात केली. "कोबा ओला असता तर पट्ट्या कुठेही सुटल्या असत्या. या सुटल्या आहेत त्या एका वाटेवर, दारापासून आईंच्या खोलीपर्यंत, एकेका पावलाच्या अंतराने. ओल अशी चालत जात नाही, माणूस जातो. ज्याच्यावर पाऊल नव्हतं म्हणता, त्याच ग्लूवरून कोणीतरी गेलं आणि आलं."

"मग ठसे?" दीर म्हणाला.

"बुजवले. जाताना दाराशी असलेल्या डब्यातला ग्लू बरोबर न्यायचा. परत येताना त्याच ठशांत पाय ठेवायचा, पुढच्या ठशावर उभं राहून मागचा ताज्या ग्लूने भरून वर रेघा ओढायच्या. खरोखरीची सारवासारव! पण भरलेला ग्लू उशिरा सुकणार. तेच ते पांढरे डाग. तुम्ही घाई केलीत, कारागिराने हवेवर ढकललं, पट्ट्या ओल्यावर बसल्या आणि सुटल्या."

कारागिराने कपाळावर हात मारला.

"आता, चोर धाकटी असती तर तिला हा हॉल ओलांडायची गरजच नव्हती. ती आतच होती. म्हणजे चोर खोलीबाहेरचा, पण किल्ली कधी उशीखाली असते हे जाणणारा. कारागिराला ते कसं ठाऊक असणार? शिवाय त्याच्याकडे थापी होती, आणि या बारीक रेघा थापीच्या नाहीत, कंगव्याच्या आहेत. साहेबांनी कंगवा कधी शेवटचा वापरला ते देवाला माहीत. आणि त्यांच्या एका ढांगेत अशा दोन सैल पट्ट्या मावतील."

दीर हळूहळू बहिणीकडे वळला.

"माझ्यावर आळ घेता?" नणंद उसळली. "कंगवा तिनंच लपवला असेल!"

"चपलाही तिनंच लपवल्या? ग्लूने भरलेल्या चपला आत न्यायच्या नाहीत म्हणून तुम्ही उंबऱ्याशी काढल्या. परतताना घातल्या आणि नंतर फेकून दिल्या." वहिनींनी आणखी एक सैल पट्टी उलटी केली, उजेडात धरली. "कंगव्यात केस अडकतात. आईंचे पांढरे, आखूड. धाकटीचे काळेभोर. हा बघा."

ग्लूच्या रेघांत एक लांब, तांबूस केस रुतून बसला होता.

मग नणंद आत गेली, पिठाच्या डब्यातून हार काढून आणला आणि आईच्या मांडीवर टाकला.

"सोनं मला नको होतं," ती रडत म्हणाली. "मी परत आले, पण मला इथं हाक कोण मारतं? न्हाऊ तीच घालते, गोळ्या तीच देते. आई, तुझ्या तोंडी सारखं तिचंच नाव. तो ग्लू पसरलेला दिसला आणि वाटलं, आत ती एकटीच आहे, आता तिच्यावर येईल. ती गेली की तू मला हाक मारशील."

सासूबाईंनी हार बाजूला सारला. "अगं, तुझ्या जिवाला आधीच कमी घोर आहे का, म्हणून मी तुला काही काम सांगत नव्हते," त्या म्हणाल्या. भावोजींनी चष्मा पुसायला काढला.

तेवढ्यात दिराच्या हातातला फोन वाजू लागला. जहाजावरून. तो नुसताच त्या फोनकडे बघत राहिला. धाकटी पुढे झाली आणि तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आधी मी बोलणार," ती म्हणाली. "तुमचं जे काय सांगायचं ते नंतर, माझ्यासमोर सांगा."

फोन कानाला लावण्याआधी तिने बॅग उघडली. वरच तिचा कंगवा होता. तो तिने नणंदेच्या हातात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती, पण हातही आखडला नाही.

"केस विंचरा, ताई. आणि उद्यापासून आईंना न्हाऊ तुम्ही घाला. पाणी फार कढत लागत नाही त्यांना."