मास्तरांचा डावा हात

मोटर वाइंडिंग, म्हणजे मोटरमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी घालायचं काम, शिकवणाऱ्या संस्थेत मी व्हिडिओ बनवतो. कारागिराचे हात टिपायचे, नको ते कापायचं आणि शिकणाऱ्यापुढे स्वच्छ धडा ठेवायचा, एवढंच माझं काम. आमच्याकडे प्रत्येक टेबलावर एक स्क्रीन, एक हेडफोन आणि उभी कापलेली जुनी मोटर असते. आधी बघायचं, ऐकायचं, डोळे मिटून मोटर चाचपायची आणि मगच तांब्याची तार हातात घ्यायची.

मास्तरांना हे सगळं थोतांड वाटायचं. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने वाइंडर. हो-ना करता करता ते कॅमेऱ्यासमोर बसले, पण एक अक्षर बोलले नाहीत. व्हिडिओत त्यांचे हात आहेत, तारेची सरसर आहे आणि मागच्या भिंतीवर ‘आधी वीज बंद’ ही पाटी आहे. उजव्या अंगठ्याचं नख कधीतरी चेंगरून काळं पडलेलं. मी फार वाकून बघायला लागलो की त्या नखानं ते टेबलावर दोनदा टकटक करायचे. बाजूला हो, उजेड अडवतोयस, असा त्याचा अर्थ. चित्रीकरण संपलं आणि त्याच वर्षी मास्तर गेले. त्यांचे हात तेवढे आमच्याकडे राहिले.

मग माझी भाची शिकायला आली. पोरगी हुशार, पण डावखुरी. शाळेत मारून मुटकून उजव्या हातानं लिहायला लावलं, तेव्हापासून कोणी बघायला लागलं की तिचा हात गांगरतो. पंपाच्या कारखान्यानं तिला जागा देऊ केली होती, अट एकच, परीक्षा पास व्हायची. ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर आमच्याकडे नाव कापतात.

चूक दर वेळी तीच. व्हिडिओ बघत ती वेटोळी बरोबर घालायची, मग हात आपल्या वळणावर जायचा आणि मधलंच एखादं वेटोळं उलट्या दिशेनं पडायचं. असली मोटर नुसती घुरघुरते, तापते, पण फिरत नाही.

“मामा, मला नाही जमणार हे,” ती म्हणाली. “आईला सांगून टाक.”

“तूच सांग. मला नाही शिव्या खायच्या ताईच्या.”

ती हसली नाही. मला फार वाईट वाटलं.

व्हिडिओ आरशासारखा उलटा करावा, असं आधी डोक्यात आलं. पण मग हात डावा दिसला तरी वेटोळंही उलटं फिरतं. तसं बघून बांधलेली मोटर उलटी फिरते आणि पंप पाणी चढवत नाही. डाव्या हातानं, पण योग्य दिशेनं, असं चित्रीकरण हवं होतं. ते करून देणारा माणूस उरला नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी तिच्या टेबलावरून जाताना मी थबकलो. स्क्रीनवर मास्तरांचा डावा हात तार ओढत होता. काळं नख उजव्याच हातावर होतं आणि त्या हातानं त्यांनी मोटर धरली होती. मागची पाटी सरळ वाचता येत होती. वेटोळं योग्य दिशेनं पडत होतं.

पण हात अडखळत होता. तार निसटायची, मास्तर ती पुन्हा उचलायचे. मास्तरांच्या हातून तार निसटलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

“हा व्हिडिओ कुठला?” मी विचारलं.

“असं काय करतोस? तूच केलास ना माझ्यासाठी?” ती वर न बघता म्हणाली. “मास्तर चुकतात तेवढं कापलं नाहीस, ते बरं केलंस. बघून धीर येतो.”

मी तडक जाऊन मूळ फाइल उघडली. उजवा हात, सफाईदार. दुसऱ्यांच्या टेबलांवरही उजवाच. तिच्या स्क्रीनची वायर काढून पुन्हा जोडली, फाइल नव्यानं चढवली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. फाइल म्हणजे फाइल.

ती येऊन बसली आणि डावा हात सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं दिसलं. आड येत असणार. पुढे तार कमी निसटू लागली. त्यांचा हात सुधारत होता आणि त्याच्या जोडीनं तिचाही.

मी कोणालाच काही बोललो नाही. बोललो असतो तर कोणीतरी तो स्क्रीन तपासायला नेला असता.

परीक्षेत तिच्या मोटरचं बटण दाबलं, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. मोटर घुरघुरली नाही. सरळ फिरली, योग्य दिशेनं, थंड राहून. भाची सगळ्यांसमोर रडली. मीही रडलो, लपवण्यात अर्थ नाही.

ती कारखान्यात रुजू झाली, तशी तिच्या स्क्रीनवरही मास्तर उजव्या हातानं काम करू लागले. मनगटावर घड्याळ परत आलं. संपलं एकदाचं, असं मला वाटलं.

आज त्या टेबलावर नवा शिकाऊ येणार आहे. माझ्याहून वयानं मोठा गृहस्थ. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आहेत. काल येऊन जागा बघून गेला, जाताना खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला.

वर्ग भरायच्या आधी मी स्क्रीन पुसायला गेलो. तो आधीच चालू होता.

मास्तरांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्यात दुमडून कापडी पट्टीनं घट्ट बांधलेली होती. उरलेल्या बोटांनी ते तार धरायला बघत होते. तार निसटली. त्यांनी ती पुन्हा उचलली.

नीट दिसावं म्हणून मी वाकलो.

स्क्रीनवरच्या मोटरवर एका डोक्याची सावली पडली.

हात थांबला. काळं नख टेबलावर दोनदा वाजलं.

मी बाजूला झालो. सावली सरकली, आणि मास्तरांनी पुन्हा तार उचलली.