बोटींच्या बातम्या लिहिणारा नांते

आमची ओळख झाली ती भांडणातून. म्हणजे भांडले मी; तो नुसता हसत होता.

इलोइलो शहरातल्या आमच्या कॉलेजात पत्रकारिता मंडळाची ‘डिजिटल माध्यमं आणि करिअर’ अशी दिवसभराची कार्यशाळा होती. मी मेरिदेल, मंडळाच्या अंकाची संपादिका, वय वर्षं एकोणीस. त्या सकाळी नावनोंदणीच्या टेबलावर मीच बसले होते. समोर एक सावळा, उंच मुलगा येऊन उभा राहिला. शर्टाची डावी बाजू समुद्राच्या पाण्याने चिंब.

“नाव?”

“रेनांते गालेनो. नांते म्हणतात.”

“यादीत नाही.”

“मग यादीत चूक आहे, मॅडम.”

“यादी मी केलीये!”

“म्हणून तर... जपून बोलतोय.”

समोरच्या गिमारास बेटावरून पंपबोटीने, म्हणजे इंजिन लावलेल्या होडीने, आला होता तो, कार्यशाळेची नुसती पाटी वाचून. शेवटच्या रांगेत बसायचं आणि खाऊचं पाकीट मागायचं नाही, या अटीवर मी त्याला आत सोडलं.

दहा वाजता कळलं, मनिलाहून येणारं विमान तिकडच्या वादळामुळे रद्द. प्रमुख पाहुणे येणार नाहीत. मंडळ सांभाळणाऱ्या आमच्या पालाब्रिका मॅमचा चेहरा पांढराफटक पडला. “रोज इंटरनेटवर बातमी देणारं कुणी आहे का रे इथे?” त्यांनी माइकवरून विचारलं.

शेवटच्या रांगेत एक हात वर गेला... ओल्या बाहीचा.

नांते बेटासाठी फेसबुकवर एक पान चालवायचा. आज बोटी सुटणार की नाही, लाटा कशा आहेत, एवढंच. “एकदा मी कंटाळा केला,” तो म्हणाला. “त्या दिवशी एक बाई तापाने फणफणलेलं मूल घेऊन तीन तास धक्क्यावर बसली. बोटी बंद होत्या आणि तिला सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून मी सुट्टी घेत नाही.”

जेवणाच्या सुट्टीत मी सिओपावचं, सारण भरलेल्या वाफवलेल्या पावाचं, पाकीट त्याच्यापुढे धरलं.

“अट होती ना?”

“खा मुकाट्याने. बोललास छान. पण तुझं पान आत्ता बघितलं मी. एका वाक्यात तीन-तीन चुका!”

“मग सुधार की,” तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मलाच पाणी प्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन वाजला. मग रोजच वाजू लागला. तो मजकूर पाठवायचा, मी डोळे चोळत दुरुस्त करायची.

“‘लाटा मध्यम’ लिहू, की ‘मध्यम लाटा’?”

“हे विचारायला उठवलंस?”

“नाही गं. उठलीस का, एवढंच विचारायचं होतं.”

शनिवारी तो शहरात आला, की ला पाझच्या बाजारात आम्ही बात्चोय, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, खायचो. आपल्या वाडग्यातली कुरकुरीत चरबी तो न बोलता माझ्या वाडग्यात टाकायचा. वर्ष असंच गेलं. प्रेम हा शब्द दोघांपैकी कुणीही काढला नाही. काढायची गरज काय, असं मला वाटायचं.

पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेत सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मनिलाच्या एका वृत्तसंस्थेच्या संपादिकेने सर्वांसमोर सांगून टाकलं, “परीक्षा झाली की ही मुलगी आमच्याकडे येतेय.” टाळ्या पडल्या. नोकरीचं पत्र मला आदल्या दिवशीच मिळालं होतं... आणि नांतेला मी सांगितलं नव्हतं.

मग प्रश्नोत्तरं. मुलं फोनवरून प्रश्न पाठवत, ते पडद्यावर उमटत आणि मी वाचत असे. चौथा प्रश्न उमटला: ‘संपादिका मनिलाला गेल्यावर बेटावरच्या एका माणसानं पहाटे कुणाला उठवायचं?’

सभागृहात एकच कल्ला झाला. शिट्ट्या, बाकांवर थापा! माझे कान तापले. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि मी म्हणाले, “पुढचा प्रश्न.”

मान वर केली तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती.

मॅमच्या हातात माइक कोंबून मी धक्क्याकडे जाणारी जीपनी, आमच्याकडची लांबट प्रवासी जीप, पकडली. धक्क्यावर तो आंब्यांच्या रिकाम्या पेट्यांवर बसला होता. तीनची बोट भरत होती.

“असं चारचौघांत विचारायचं नव्हतं,” तोच आधी म्हणाला. “चुकलं माझं.”

“आणि माझं? तुला परक्याकडून कळलं... नांते, तू थांब म्हण. मी थांबते.”

“वेडी आहेस. बोट कधी सुटते ते मी सांगतो, मेरिदेल. ती अडवून धरत नाही.”

“मग चल माझ्याबरोबर.”

त्याने समुद्रापलीकडे हात केला. “बेटाला कोण सांगेल?”

मला उत्तर ठाऊक होतं. म्हणूनच तर तो मला आवडत होता. तसं मी त्याला सांगितलं, अगदी त्याच शब्दांत, मग रडले. माझे डोळे त्याने बाहीनेच पुसले. “मलाही तू,” तो पुटपुटला. “त्या यादीच्या दिवसापासून...” बोटवाला ओरडत होता. नांतेने ती बोट जाऊ दिली, आणि त्यानंतरचीही.

मनिलात आल्यावर दोन वर्षं आम्ही फोनवर काढली. मग फोन कमी झाले. भांडण नाही, रुसवा नाही. त्याला बेट होतं, मला काम होतं. एका दुपारी अचानक त्याचा आवाज आला.

“लग्न ठरलं माझं. तुला पानावर वाचून कळू नये, म्हणून आधी तुलाच सांगतोय.”

“चांगली आहे ना रे ती?”

“चांगली आहे.”

“मग झालं,” मी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि खाडीच्या कठड्यावर जाऊन बसले. रडू येत होतं, येऊ दिलं. पण खरं सांगू? दुःखाहून मोठं काहीतरी वाटत होतं. एकोणिसाव्या वर्षी, प्रेम म्हणजे काय हे कळायच्या वयात, माझ्या वाट्याला असा माणूस आला होता.