स्वस्तातले लायनर

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो कल्याण माझा आतेभाऊ. थापा मारायलाही अंगात थोडा उत्साह लागतो, तो त्याच्यात आता उरलेला नाही.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. गेल्या वैशाखातली, वडीगोद्रीजवळच्या उतारावरची.

कल्याणची बायको वंदना. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. पहाटे निघायचं, दुपारी परतायचं. येताना एसटीत उभं राहायचं त्राण तिच्यात नसायचं, म्हणून मोटारसायकल. तीही कल्याणची नाही, त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची. धर्मराजदादाची.

दादा काविळीने गेला. त्याची एक सवय सगळ्या वस्तीला पाठ होती. ब्रेकवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. गाडी थांबवायची म्हटलं की दोन्ही पाय खाली सोडायचा आणि चपला घासत थांबायचा.

घस्सऽऽ...

लांबून तो आवाज आला की माझी आत्या नंदाबाई चहा ठेवायला उठायची. दोन महिन्यांत चपलेचा तळ जायचा. आत्या बोलून बोलून थकली, दादा काही सुधारला नाही.

जाण्याआधी त्याने अंबडच्या बाजारातून चांगली चामड्याची जोडी आणली होती. पायात घालायचं नशिबात नव्हतं. तेराव्याला मेलेल्या माणसाच्या नावाने चपला दान करतात, त्याची पुढची वाट सोपी व्हावी म्हणून. आत्याच्याने ती जोडी देववली नाही. तिने रबरी चपला आणून दान केल्या आणि चामड्याची जोडी फडक्यात बांधून पेटीत ठेवली. पेटीला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला.

 आईला कोण बोलणार?

तर गेल्या वैशाखात गाडीच्या चाकाला आतून घासून धरणारे ब्रेक लायनर झिजून संपले. कल्याण महेमूद मिस्त्रीकडे गेला. महेमूदने दोन मार्ग सांगितले. ओरिजनल हवं तर संभाजीनगरहून मागवावं लागेल, आठवडा तरी जाईल. नाहीतर हे बाहेरून आलेलं, चायनाचं. स्वस्त आणि लगेच.

"बसंल बराबर," महेमूद म्हणाला, "पन माझी जिम्मेदारी न्हाई."

कल्याण थकलेला होता. "बसव," तो म्हणाला. "उद्या दवाखाना हाय."

दुसऱ्या दिवशी परतताना उतार लागला. त्याने ब्रेक दाबला.

घस्सऽऽ...

नवे लायनर आहेत, बसायला वेळ लागतो, असं त्याने स्वतःला समजावलं. वंदना त्याच्या पाठीवर डोकं टेकून बसली होती. तिने डोळे न उघडताच विचारलं, मागून कोण चालत येतंय?

मागे कोणीच नव्हतं. ऊन होतं आणि रिकामा रस्ता.

मग हे दर खेपेचंच झालं. ब्रेक दाबला की आवाज. गाडी मात्र थांबायची, जिथे हवी तिथेच थांबायची. स्वस्तात चांगलं काम झालं म्हणून कल्याण खूशच होता. वंदना मात्र एकदा म्हणाली, भाऊजी असेच पाय घासायचे. कल्याणने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि मग ती दुपार आली.

उतार संपतो तिथे हायवे आहे. खाली टँकर आडवा वळत होता. कल्याणने ब्रेक दाबला...

पाय थेट तळाला गेला. काहीच लागलं नाही. पुढचा ब्रेक तर नावालाच होता. गाडी सुटली.

 मागे वंदनाने त्याचा शर्ट मुठीत धरला.

घस्सऽऽऽऽ...

या वेळी डाव्या बाजूने आणि उजव्या बाजूनेही. पाठोपाठ चामडं करपल्याचा वास.

गाडी टँकरपासून हातभर अंतरावर थांबली.

कल्याणने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय गाडीवरच होते. वंदना एका बाजूला पाय सोडून बसलेली, तिचेही पाय वरच.

पण मागच्या धुळीत, गाडीच्या दोन्ही अंगांना, दोन लांब ओरखडे होते... वरून खालपर्यंत.

गाडी ढकलत त्याने महेमूदकडे नेली. महेमूदने चाक उघडलं. लायनरचा नुसता भुगा झाला होता.

"हे आजचं न्हाई," तो म्हणाला. "लई दिवस झाले हे गेल्याला. ब्रेक आत कुठं टेकतच न्हवता. मंग तू गाडी थांबवत कशावर होतास?"

कल्याण तडक घरी आला आणि आत्याला पेटी उघडायला लावली.

फडक्याची गाठ तिनेच बांधलेली, तशीच होती. आत चामड्याची जोडी. वरून कोरी करकरीत.

तळ झिजून आरपार गेले होते. कडांना डांबर चिकटलं होतं.

आत्या खाली बसली. "मेल्यावर बी इसावा न्हाई लेकराला," एवढंच म्हणाली. चपला उद्याच दान करून टाकू, त्याला मोकळं करू, असं तिनेच ठरवलं. कल्याणनेही मान हलवली.

वंदना भिंतीला टेकून बसली होती. त्या दिवशी तिला धड बोलताही येत नव्हतं.

"थोडे दिवस ठिवा," ती म्हणाली. "मला अजून जायचं हाय त्या रस्त्यानं."

 कल्याणने ओरिजनल लायनर मागवून बसवले. आणि चपलांना नवे तळही लावून घेतले, जोडी परत पेटीत गेली.

हे सगळं मी ऐकलं तेव्हा मान डोलावली, पण मनातून मानलं नव्हतं. परवा त्यांच्याकडे गेलो. दुपार होती. कल्याण आणि वंदना जालन्याहून यायचे होते. आत्या आणि मी दोघेच घरात. पेटी माझ्या पाठीशी होती. कुलूप लावलेली.

बोलता बोलता आत्या एकदम थांबली.

पेटीच्या आतून... हळूच...

घस्सऽऽ...

आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"उतारावर आले," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.